वहिनीनं निवडलेले थांबे

माझा दादा आयुष्यभर जहाजावर होता आणि एकाही बेटाला त्याचा पाय लागला नव्हता. आम्ही मुदखेडकडच्या खेड्यातली माणसं. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीचं, नाहीतर टँकरचं. त्या गावातला एक पोरगा उठून समुद्रावर नोकरीला गेला, तेव्हा गावाला वाटलं, हा आता रोज एका नव्या बेटावर नारळ फोडत फिरत असणार. कशाचं काय! मालवाहू जहाज कधी बेटावर थांबतं का? ते थांबतं धक्क्यावर, क्रेनच्या खाली, शहरापासून लांब. माल उतरला की चाललं पुढं.

"बेटं लांबनं दिसायची गं," दादा सांगायचा. "दुर्बीण लावून बघायचो. आडोशाला शिडाच्या चार-दोन होड्या नांगर टाकून उभ्या असायच्या. नवरा-बायको वर बसून चहा पिऊन राहिलेत, पाय पाण्यात सोडून राहिलेत. मनात आलं की थांबायचं, मनात आलं की निघायचं. अन् आम्ही आपले कोळसा घेऊन चाललो."

तो हे सांगताना नेहमी 'नवरा-बायको' म्हणायचा, आणि वहिनी तिथंच बसून शेंगा फोडत असायची. तिनं कधी मान वर करून बघितलं नाही.

माझी वहिनी हिमायतनगरकडची. बोलायला कमी, करायला दांडगी. दादा समुद्रावर असताना हिनं शेत बघितलं, गडी सांभाळले, पोरांना नांदेडला ठेवून शिकवलं, आमच्या आईचं शेवटपर्यंत केलं. आईनं मला एकदा सांगितलं होतं, "तू माझी लेक हायेस, पण ती माझी आई हाय." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आई बरोबर बोलली होती.

एवढी खमकी बाई, पण पाण्याला भ्यायची. एसटी गोदावरीच्या पुलावर आली की पदर डोळ्यांवर. "गेला का पूल?" म्हणून विचारायची आणि गेला म्हटल्यावरसुद्धा थोडा वेळ तसाच ठेवायची. जहाजावर बायकोला नेता यायचं. दादानं नोकरीत असताना किती वेळा विचारलं. तिचं उत्तर ठरलेलं. "पाणी लई हाय तिथं."

दादा निवृत्त झाला आणि त्यांनी नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला घर बांधलं. धरणाचं पाणी गच्चीवरून दिसायचं. दादा सकाळचा चहा गच्चीवर आणि वहिनी स्वयंपाकघरात, असं काही महिने चाललं. मग एक दिवस दारात ट्रक उभा राहिला आणि त्याच्यावर नाव! कोकणातून जुनी नाव आणली होती पठ्ठ्यानं. गल्ली गोळा झाली. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी नावेभोवती एक चक्कर मारली, आत वाकून बघितलं आणि विचारलं, "लई मोठी गव्हाण हाय. म्हशी किती घेणार?"

वहिनी दारातून म्हणाली, "एकच. ती ट्रकवर घालूनच आणलीय बघा." एवढं बोलून ती आत गेली. गल्ली हसून हसून बेजार.

नाव बरी होती, पण शीड पार कुजलेलं. तिथं माझा नंबर लागला. माझं लातूरला शिवणाचं दुकान आहे. सारा जन्म मी ब्लाउज शिवले, फॉल-पिको केले, लग्नसराईत रात्रंदिवस मशीन चालवली. नाकाला चष्मा लागला तेव्हा भावानं फोन केला, "शीड शिवशील का?" मी म्हटलं, "बाह्या कुठवर ठेवू?" पण कापड आलं तेव्हा माझी चेष्टा जिरली. दुकानात मावेना. शेवटी शेजारच्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पसरलं, वर बसून बेतलं, आणि दुकानातल्या दोघी पोरी दोन्हीकडून धरून उभ्या तेव्हा कुठं मशीनखालून सरकलं.

त्या दिवसांत वहिनीचा फोन आला. स्वतःहून फोन करायची तिला सवय नाही, म्हणून मी घाबरले.

"ताई, शिडाला काठ लावा."

"कसला काठ?"

"लाल. चांगला वीतभर रुंद. सगळ्या कडेनं."

"वहिनी, शीड हाय ते, इरकल लुगडं न्हाई."

"नुसतं पांढरं सवाष्णीच्या डोळ्याला बरं दिसत न्हाई," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. आता मी किती वर्षं बायकांचं ऐकत आले आहे! गिऱ्हाइकानं काठ मागितला, मी लावला. लाल भडक, लांबून दिसेल असा.

दादा शीड न्यायला लातूरला आला आणि म्हणाला, "आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन येऊ." मला वाटलं चष्म्याचा नंबर. डॉक्टरनं डोळ्यांत थेंब टाकून बसवलं, यंत्रं लावली, परत परत बघितलं. तिथून दादा थेट दुकानात येऊन शिडाच्या ढिगावर बसला.

"पडदा खराब झालाय. दोन्ही डोळ्यांचा. मधलं पुसट होत चाललंय, कडेचं दिसतं. तुझ्याकडं बघतो ना, तर कान नीट दिसतात, तोंड न्हाई."

"औषध?"

"चालू राहणार. पण गेलेलं येणार न्हाई म्हणाले. पुढल्या हिवाळ्याला कितपत दिसेल, ते सांगता येत न्हाई." मग त्यानं माझा हात धरला. "बाई, मला एकदाच तिला नावेत बसवायचंय. एक दिवस. बेटाला लागायचं, चहा करायचा, पाय पाण्यात सोडून बसायचं. आयुष्यभर लोकांचं बघितलं. एकदा आपलं. हा हिवाळा गेला की गेलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड काही ऐकत नाही माझं. "अरे, तुला नीट दिसत न्हाई अन् पाण्याला भ्यालेल्या बाईला घेऊन निघालास?"

"सपाट पाणी हाय. ठळक असलं की दिसतंय मला. अंगात जॅकेट घालू. तू संग चल. बारीक बघायचं ते तू बघ." आणि शेवटी ज्यासाठी तो लातूरला डॉक्टर शोधत आला होता ते बोलला. "तिला यातलं काही बोलू नको. नुसत्या पाण्यालाच ती आयुष्यभर न्हाई म्हणत आली. डोळ्याचं कळलं तर पायच ठेवणार न्हाई."

मी शपथ घेतली. आमच्या घरात माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असा लौकिक आहे, तरी घेतली.

आता वहिनीला राजी करायचं मोठं काम. मी नांदेडला गेले ती तयारीनंच गेले. रडायचं, रुसायचं, आईची आठवण काढायची, सगळं मनात रचून ठेवलं होतं. जेवायला बसल्यावर दादानं भीत भीत विषय काढला. वहिनीनं त्याला भाकरी वाढली आणि म्हणाली, "येते की."

माझं रचून ठेवलेलं रडणं वाया गेलं.

"पण थांबे मी ठरवणार," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तिथं मी उतरणार न्हाई. आधी बघणार, मग हो म्हणणार."

दादाला काय, आकाश ठेंगणं झालं. त्याची आपली यादी तोंडपाठ होती. रोज गच्चीवरून बघून, नाहीतर नावेतून एकटाच जाऊन त्यानं सगळं धुंडाळलं होतं. वारा कुठून येतो, कुठल्या बेटाच्या पाठीमागं पाणी शांत असतं, कुठं तळाला चिखल आहे म्हणजे नांगर धरील, कुठं खडक आहे म्हणजे घसरेल. बांबू पाण्यात घालून खोली बघायचा. जगातल्या मोठ्या मोठ्या बंदरांवरून आलेला माणूस, पण विष्णुपुरीच्या पाण्यातल्या चिमूटभर बेटांचं त्याला काय कौतुक! "इथं सकाळी ऊन पाठीला येतं," म्हणायचा. "इथं पाणकोंबड्या असतात, तिला आवडतील."

वहिनी नावेत बसून बघायला तयार नव्हती. ते त्या दिवशीच, म्हणाली. म्हणून आम्ही रिक्षा ठरवली आणि काठाकाठानं, शेतांच्या रस्त्यानं हिंडलो. रिक्षावाल्याला वाटलं आम्ही जमीन घ्यायला निघालोय.

दादाचं सगळ्यात लाडकं होतं ते बाभळींचं बेट. खरंच देखणं. तिन्ही बाजूंनी आडोसा, मध्ये गवत, बगळे बसलेले. मी तर म्हटलं, इथं चटई टाकली की झालं. वहिनीनं काठावरून हात कपाळाला लावून बघितलं आणि मान हलवली.

"न्हाई."

"का?"

"नुसत्या बाभळी. समदं सारखंच दिसून राहिलंय."

पुढचं एक बेट लांबट, सपाट, हिरवंगार. "न्हाई. जमिनीत आन् पाण्यात फरकच कळंना." त्याच्यापुढं कातळाचा एक सुंदर उंचवटा होता, पाण्याच्या रंगाचा. तोही नाही. माझं डोकं तापायला लागलं. आम्हा बायकांना अशा ठिकाणी काय लागतं? सावली आणि झाडाचा आडोसा, दुसरं काय! ते मिळालं तर ही म्हणे सारखं दिसतं. आणि तिला पसंत काय पडावं? एक पंपघर! काठाला पाण्यात घुसलेलं, नुकताच चुना दिलेलं, भकभकीत पांढरं. मोटारीची घरघर, डिझेलचा वास.

"इथं थांबू," वहिनी खूश होऊन म्हणाली.

"वहिनी, पंपघर बघायला नाव कशाला? आपल्या शेतात हायच की!"

"मला बरं वाटतं," ती म्हणाली.

दुसरं तिनं निवडलं ते एक एकटं चिंचेचं झाड. मोकळ्या माळावर, आजूबाजूला काही नाही, काठाला टेकलेलं काळं धिप्पाड. आणि शेवटचा थांबा मारुतीचं देऊळ. ते मात्र खरंच बेट होतं. पावसाळ्यानंतर पाणी चढलं की देवळाभोवती वेढा पडतो आणि नुसती टेकडी वर राहते. त्यावर पांढरं देऊळ आणि पांढरा कळस. दादानं तिन्ही ठिकाणं मान्य केली. तिनं उकिरडा निवडला असता तरी त्यानं तिथं नांगर टाकला असता.

"बिचारी भित्री हाय," परत येताना तो माझ्या कानात म्हणाला. "जमिनीवरचं ओळखीचं काही दिसलं की तिला धीर येतो." मलाही ते पटलं.

दिवस दादानं ठरवला आणि तिथंच तो फसला. त्यानं येळवस निवडली. मार्गशीर्षातली अमावस्या. "त्या दिवशी समदी माणसं रानात असतात," म्हणाला. "पाण्यावर मासे धरणारेसुद्धा न्हाईत. शांत असतं." आता ह्याला काय म्हणावं? येळवशीला माणूस रानात असतो हे खरं, पण धरणाच्या काठाला काय आहे? रानच की! आमच्या लातूरला त्या दिवशी बाजारपेठेत कुत्रं दिसत नाही. सगळं शहर शेतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात. कडब्याची कोप उभी करायची, वरून चादर नाहीतर धोतर पांघरायचं, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करायची, आणि जेवायचं. वाटेनं जो दिसेल त्याला हाक मारायची. त्या दिवशी कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत आणि हाक आली तर नाही म्हणायचं नसतं. नांदेडकडं लातूरइतका जोर नसतो म्हणून दादा निर्धास्त होता. इतकी वर्षं समुद्रावर काढली, त्यात येळवशीची हाक विसरला गडी.

सकाळी धरणाच्या भिंतीपासून लांब, वरच्या अंगाला नाव पाण्यात सोडली. वहिनीनं आधी नावेला हळदकुंकू लावलं. गोदावरीची ओटी भरली, खण-नारळ पाण्यात सोडला, हात जोडले. मग जॅकेट घातलं, नऊवारीवर. ते इतकं विचित्र दिसत होतं की मी हसणार होते, पण तिनं जॅकेटचा पट्टा दोन-तीनदा ओढून बघितला आणि माझं हसू विरलं. तिनं उजवा पाय नावेत टाकला. नाव हलली. तिनं डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी मारली, खाली बसली आणि पदर ओढून घेतला डोळ्यांवर.

"गेला का पूल?" मी चिडवलं.

आणि दादा! दादा सुकाणू धरून मागं बसला होता, शिडात वारा भरला, लाल काठ ताठ झाला. मी त्याचा चेहरा बघितला. माझा भाऊ लग्नात एवढा खूश नव्हता.

पंपघराशी थांबलो. नांगर टाकला, चिखलात धरला, दादानं छोट्या स्टोव्हवर आधण ठेवलं. वर्षानुवर्षं मनात घोळवलेला चहा. आता कप हातात घेणार, तेवढ्यात काठावरून आवाज आला, "ओ जहाजवाले! या जेवाया!"

पलीकडं कोप होती. माणसं हात करून राहिली होती. दादानं इकडून हात जोडले, "चहा घेऊन राहिलो!" तर तिकडून एक बाई पार पाण्यापर्यंत आली. "आज कुठला चा! येळवस हाय न्हवं? उतरा बरं!"

उतरलो. हिरव्या दाण्यांची आणि भाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, आणि ज्वारीच्या पिठाची, ताक घालून माठात आंबवलेली गार आंबील. भज्जी तर अशी की मी दोनदा मागून घेतली. वहिनीच्या ओळखी लगेच निघाल्या, कुणाची तरी मावशी हिमायतनगरला दिलेली. कसंबसं निघालो तर चिंचेखाली दुसरी कोप. "या, या, बसा!" तिथं परत आंबील. पंगतीत बसलेला दादा माझ्याकडं बघून म्हणाला, "बेटावर जायला निघालो होतो, पंगतीला आलो."

"येळवशीची हाक विसरलास ना? भोग आता," मी म्हटलं आणि पेला पुढं केला.

पण मधल्या टप्प्यात, चिंचेच्या आणि देवळाच्या मध्ये, वारा मंदावला आणि नाव नुसती तरंगत राहिली. ते मात्र दादाच्या मनातलं होतं. पाणी गुळगुळीत. लांब कुठंतरी पोरांचा गलका. दादानं हळूच विचारलं, "अगं, पाय सोडतेस का पाण्यात?" वहिनीनं मान हलवली, नाही. मग थोड्या वेळानं तिनं एक हात डोलकाठीवरून काढला आणि कडेवरून बोटं पाण्याला लावली. एवढंच. दादाला ते दिसलं का नाही कोण जाणे, पण पाण्याचा आवाज त्यानं ऐकला. तो गालातल्या गालात हसत राहिला.

आंबील चढते. ज्यानं येळवशीची आंबील प्यायली आहे त्याला हे सांगायला नको. बारीक बघायचं काम माझ्याकडं होतं आणि मी शिडाच्या सावलीत अशी गाढ झोपले की विचारू नका.

जागी झाले ती वहिनीच्या आवाजानं. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"डावीकडं घ्या! अहो, डावीकडं!"

उठून बघते तर वारा परत आलेला, नाव जोरात चाललेली, आणि समोर पाण्यातून काळे काळे बुंधे वर आलेले. बुडालेल्या बाभळी. काठावर जिकडं तिकडं कोपी, प्रत्येकीवर पांढरी चादर नाहीतर धोतर. दादानं पांढरं दिसलं म्हणून देऊळ समजून नाव नेली होती आणि ते कुणाचं तरी धोतर होतं, वाऱ्यावर उडणारं. देऊळ राहिलं होतं पार डाव्या अंगाला.

"कळस कुठं हाय?" दादानं विचारलं. तो आवाज मी विसरणार नाही. जहाजं चालवलेला माझा भाऊ लहान लेकरासारखा विचारत होता.

"तुमच्या डाव्या खांद्याच्या रेषेत. वळवा. अजून. बास्स. आता सरळ." वहिनी डोलकाठी सोडून उभी राहिली होती. पदर खांद्यावर, डोळे टक्क उघडे. "उजवीकडं एक बुंधा हाय, लांब हाय, भिऊ नका. सरळच ठेवा."

नाव बुंध्यांच्या कडेनं सरकत मोकळ्या पाण्यात आली. देवळाच्या टेकडीमागं वारा थांबला तसं वहिनी म्हणाली, "आता टाका नांगर," आणि खाली बसली. मग कुठं तिनं परत डोलकाठीला मिठी मारली.

दादानं नांगर टाकला. दोर हातात तसाच. माझ्याकडं वळला, "तू सांगितलंस?"

"आईशप्पथ न्हाई!"

"ताईंनी कशाला सांगायला पाहिजे?" वहिनी म्हणाली. "ताटात मीठ कुठं वाढलंय ते तुम्ही बोटानं चाचपून बघता. पावसाळ्यापासून. माझ्याशी बोलता ते माझ्या कानाकडं बघून बोलता. मी रोज वाढते तुम्हाला. मला कळणार न्हाई?"

मी शिडाच्या लाल काठाकडं बघितलं. वीतभर रुंद. मग पांढरं पंपघर आठवलं. माळावरची एकटी काळी चिंच. आकाशात घुसलेला कळस. समदं सारखंच दिसून राहिलंय, म्हणाली होती ती बाभळींच्या बेटाला. आम्ही दोघं शहाणी बहीण-भावंडं तिच्यापासून लपवत होतो, आणि तिनं रिक्षातून फिरून त्याला दिसेल असं एकेक ठिकाण वेचून काढलं होतं. तिच्या धीरासाठी त्यात काही नव्हतं. पदरसुद्धा तसलाच. जुना, विरलेला, आरपार दिसणारा. त्याच्या आडून ती सकाळपासून पाण्यावरची वाट न्याहाळत होती. काय बाई आहे ही!

दादानं हातातला दोर बांधून टाकला. मग म्हणाला, "कळलं होतं तर आलीस कशाला? तुला तर पाण्याचं भ्या वाटतं."

"वाटतं की. आत्ताबी वाटून राहिलंय." वहिनीनं पदरानं कपाळ पुसलं. "आधी तुम्हाला दिसत होतं, तवा माझं काय काम होतं तिथं? आता हाय."

दादा मोठ्यानं रडला. मीही रडले. वहिनी तेवढी रडली नाही, ती स्टोव्ह पेटवायला लागली. दादानं दुर्बिणीतून इतकी वर्षं बघितलेला चहा शेवटी तिनंच केला, साखर जरा जास्त टाकून. देवळाच्या पायरीला नाव टेकली होती. दोघं कडेला बसली आणि दादानं पाय पाण्यात सोडले. वहिनीनं आधी एक सोडला. मग दुसरा. "गार हाय," म्हणाली. टेकडीवरून कुणीतरी ओरडलं, "ओऽ, या जेवाया!" आणि दादा रडता रडता हसायला लागला.

परत निघताना वहिनी डोलकाठीपाशी बसली नाही. ती पुढं, नावेच्या टोकाशी जाऊन बसली, तोंड पाण्याकडं करून. एका हातानं कड घट्ट धरलेली, बोटं पांढरी पडलेली. दिसेल ते सांगत होती. बगळा. बांबू रोवलाय जाळ्याचा. म्हशी उतरल्यात पाण्यात. चिंच आली. दादाला यातलं पुष्कळसं दिसत असणार, ऊन चांगलं होतं. मी मागं वळून बघितलं, तर त्यानं डोळे मिटून घेतले होते आणि सुकाणू धरून तिचं ऐकत बसला होता.

"उजवीकडं," वहिनी म्हणाली. नाव उजवीकडं वळली.